छत्री निर्दोष आहे

नांदेड-लातूरकडे टीव्हीचं काहीही बिघडलं की घरातलं एक माणूस पत्र्यावर चढतं आणि थेट छत्रीला हात घालतं. खाली टीव्हीसमोर बसलेला ओरडत राहतो, "आलं, आलं... गेलं! थोडं इकडं घे." सवय जुनी आहे आणि तिला कारणही आहे. वाऱ्याने नट ढिले होतात, किनवट-माहूरच्या बाजूला माकडं छत्रीला लोंबकळतात, आणि जरा हलवलं की खरंच चित्र परत येतं. एकदा उपाय लागू पडला की माणूस तोच सगळीकडे वापरतो.

पण एका बिघाडात छत्रीच्या दिशेचा काडीचाही संबंध नसतो, आणि तरी त्यातही छत्री फिरवली जातेच. बॉक्स चालू होतो, निळ्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह येतं, चॅनल लागतं, पाच-दहा मिनिटांत पडदा काळा होतो आणि बॉक्स पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दिवसभर हेच. दुकानात त्याचं वर्णन होतं, "भाऊ, बॉक्स सारखा बंद-चालू व्हायलाय." दुकानदार दोन पर्याय देतो, छत्री सेट करून घ्या किंवा नवा बॉक्स घ्या. हे दोन्ही पर्याय पहिल्या दिवशी नाकारावेत असं माझं मत आहे.

आधी एक फरक मनात पक्का करायला हवा. सिग्नल जाणं वेगळं आणि बॉक्स पडणं वेगळं. सिग्नल गेला तर बॉक्स जिवंत असतो. पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते, रिमोट चालतो, मेनू उघडतो, आवाजाची पट्टी वर-खाली होते. बॉक्स पडला तर यातलं काहीच होत नाही. दिवा विझतो किंवा रंग बदलतो आणि कंपनीचं चिन्ह नव्याने येतं. ही एक खूण ओळखता आली तर पत्र्यावरच्या निम्म्या चकरा वाचतात.

छत्री कुठे बघते ते एकदा समजून घेतलं की तिला उगाच हात लावावासा वाटत नाही. दूरदर्शनची मोफत सेवा डीडी डायरेक्ट प्लस या नावाने १६ डिसेंबर २००४ रोजी ३३ चॅनलांनिशी सुरू झाली. आज ती डीडी फ्री डिश म्हणून घराघरांत आहे. ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून सोडलेला हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाला, जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे. नांदेड ७७ अंशांच्या जरा पुढे, लातूर त्याच्या जरा अलीकडे. म्हणजे उपग्रह आपल्या पूर्वेला आणि दक्षिणेला, दोहोंच्या मधे पडतो. नांदेडच्या गच्चीवरून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६१ अंश उंच आहे. लातूरहून जवळजवळ तेवढाच. छत्री दोन-तीन अंश सरकली की सिग्नल गेला. बॉक्स बंद-चालू होतोय म्हणून छत्री फिरवणारा माणूस एका बिघाडाचे दोन करून खाली उतरतो.

पाऊस आणि ऊन यांच्याबद्दलही असाच गैरसमज आहे. जोराच्या पावसात चित्राचे तुकडे पडतात, कारण ११-१२ गिगाहर्ट्झच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या आणि विखुरल्या जातात. पाऊस थांबला की चित्र परत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. सूर्याचा रेडिओ-गोंगाट उपग्रहाच्या क्षीण सिग्नलला झाकून टाकतो. आपल्याकडे फ्री डिशच्या बाबतीत ही वेळ सकाळी ११ च्या आगेमागे पडते, आणि काही दिवस रोज काही मिनिटं चित्र जातं. या दोन्ही प्रसंगी बॉक्स मात्र शांतपणे चालू असतो. तो पडत असेल तर आकाशाकडे बघण्यात अर्थ नाही.

मग तो का पडतो? त्यासाठी बॉक्सला टीव्हीचा भाग समजणं सोडावं लागतं. तो एक छोटा संगणक आहे. त्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे, आणि बटण दाबल्यापासून चित्र येईपर्यंत त्याची ठरलेली कामं असतात. वीजपुरवठा स्थिर होतो, प्रोसेसर जागा होतो, फ्लॅश मेमरीत साठवलेला मुख्य प्रोग्रॅम चालत्या मेमरीत आणला जातो, याच वेळी कंपनीचं चिन्ह दिसतं, मग ट्यूनर सुरू होतो आणि केबलमधून छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज पाठवली जाते, सिग्नल पकडला जातो, चॅनलांची यादी वाचली जाते, शेवटी चित्र. बॉक्स यातल्या कोणत्या पायरीवर पडतो, हे पाहिलं की अर्धं निदान झालं. चिन्ह यायच्या आधीच पडला तर वीज. चिन्हावरच अडकून बसला तर प्रोग्रॅम किंवा फ्लॅश. चिन्ह गेलं आणि चित्र यायच्या क्षणी पडला तर केबल आणि एलएनबी. चित्र आल्यावर अर्ध्या तासाने पडला तर उष्णता. एकाच चॅनलवर पडला तर येणारी माहिती आणि ती वाचणारा प्रोग्रॅम यांचं जमत नाही. हे नियम शंभर टक्के नाहीत, पण सुरुवात कुठून करायची ते नक्की सांगतात. म्हणून पेचकस उचलण्याआधी वही उचलावी. किती वाजता पडला, कोणतं चॅनल होतं, कितव्या मिनिटाला, तेव्हा घरात आणखी काय चालू होतं. दोन दिवसांच्या नोंदी मेकॅनिकच्या तासाभराच्या अंदाजापेक्षा जास्त सांगतात.

बॉक्स आपोआप पुन्हा सुरू का होतो, नुसता बंद का पडत नाही, हेही विचारण्यासारखं आहे. अशा बहुतेक यंत्रांत वॉचडॉग टायमर नावाचं एक छोटं घड्याळ असतं. मुख्य प्रोग्रॅमने दर काही क्षणांनी त्याला 'मी ठीक आहे' असं कळवायचं असतं. ती खबर आली नाही, म्हणजे प्रोग्रॅम कुठेतरी गुरफटला, तर हे घड्याळ कुणालाही न विचारता यंत्र पुन्हा सुरू करतं. पुरवठ्याचं व्होल्टेज ठरावीक पातळीच्या खाली गेलं तरी प्रोसेसरला असाच रिसेट मिळतो. म्हणजे वारंवार रीस्टार्ट होणारा बॉक्स बहुतेक वेळा आपलं ठरवून दिलेलं काम बिनचूक करत असतो. तक्रार तो दुसऱ्या कशाची तरी करतोय.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मंगळावरचं आहे. नासाचं मार्स पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलं आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनच रीस्टार्ट व्हायला लागला. दर वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जाई. तिथे पत्र्यावर चढायला कुणी नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या लोकांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तीच परिस्थिती पुन्हा पुन्हा उभी केली आणि शेवटी बिघाड पकडला. हवामानाच्या नोंदी घेणारं कमी महत्त्वाचं काम एक सामायिक साधन अडवून बसायचं. मध्यम महत्त्वाचं दुसरं काम मधे घुसून त्याला पुढे सरकू द्यायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं काम त्या साधनाची वाट बघत राहायचं. वॉचडॉगला वाटायचं यंत्र अडकलं, आणि तो रिसेट मारायचा. प्रोग्रॅममधली एक सोय बंद ठेवलेली होती. ती चालू करण्याचा आदेश मंगळावर पाठवला आणि रिसेट थांबले. गंमत म्हणजे उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही असा रिसेट क्वचित दिसला होता, पण पुन्हा घडवता आला नव्हता म्हणून बाजूला पडला होता. बिघाड मनाप्रमाणे पुन्हा घडवता येणं, ही दुरुस्तीतली सगळ्यात अवघड पायरी आहे. मंगळावर असो की मुखेडला.

आता मराठवाड्याच्या मुख्य संशयिताकडे येऊ. वीज.

नियमाप्रमाणे घरात २३० व्होल्ट यायला हवेत, ६ टक्के इकडे-तिकडे. गावाच्या डीपीपासून लांब, तारेच्या शेवटच्या टोकाच्या घरात संध्याकाळी मल्टिमीटर लावून बघा. रब्बीत थ्री-फेज आली की शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात. जिथे गावठाणाचा फीडर शेतीपासून वेगळा केलेला नाही, तिथे घरातला दिवा मंद होतो आणि पंखा रेंगाळतो. शेतीच्या विजेचं वेळापत्रक कधी दिवसपाळीचं, कधी रात्रपाळीचं असतं, त्यामुळे बॉक्स पडण्याची वेळही आठवड्यागणिक बदलते आणि घरातले बुचकळ्यात पडतात. वहीतल्या वेळा थ्री-फेजच्या वेळांशी ताडून पाहिल्या की कोडं सुटतं.

इथे एक हमखास युक्तिवाद ऐकू येतो. "टीव्ही तर चांगला चालतो, म्हणजे लाईट बरोबर आहे." हा युक्तिवाद चुकीचा आहे. टीव्हीचा वीजपुरवठा विभाग मोठा आणि बराच दमदार असतो. बॉक्सचा स्वस्तातला, जेमतेम. दोघंही एसएमपीएस प्रकारचे. हा पुरवठा आधी २३० व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहाचा साधारण ३२५ व्होल्टचा एकदिश दाब बनवून कपॅसिटरमध्ये साठवतो आणि मग त्यातून लागेल तसे १२, ५, ३.३ व्होल्ट काढतो. कपॅसिटर म्हणजे घरावरची पाण्याची टाकी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला टाकीचं काम समजावून सांगायची गरज नाही: नळ थोडा वेळ गेला तरी तोटी चालू राहते, पण टाकीत गाळ साचला असेल तर तोटी लगेच कोरडी पडते. कपॅसिटरमधला द्रव वर्षानुवर्षं वाळत जातो आणि त्याची साठवण घटते. मग विजेत डोळ्याला न कळणारी क्षणभराची खळ पडली तरी आतलं व्होल्टेज कोसळतं आणि प्रोसेसरला रिसेट मिळतो.

यातला बारकावा असा की दोन्ही दोष एकत्र आले तरच बॉक्स पडतो. नव्या बॉक्सला तीच कमकुवत वीज चालते, आणि जुना बॉक्स शहरातल्या दुकानात, चांगल्या विजेवर, दिवसभर न पडता चालतो. उदगीरच्या खेड्यातून लातूरला गंजगोलाईच्या दुकानात आणलेला बॉक्स तिथे ठणठणीत निघतो, गिऱ्हाईक खोटं ठरतं, आणि परत गावी नेला की पुन्हा पडतो. यात कुणीच खोटं बोलत नसतं. दुकानदाराने बॉक्स कमी व्होल्टेजवर चालवून बघायला हवा होता, एवढंच.

इन्व्हर्टरवाल्या घरात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. लाईट गेली की इन्व्हर्टर चालू व्हायला थोडा वेळ घेतो. चांगला कपॅसिटर ती फट भरून काढतो, म्हातारा झालेला भरू शकत नाही. नेमका लाईट जाताना आणि येताना बॉक्स पडत असेल तर इन्व्हर्टरला दोष देण्याआधी बॉक्सचं वय बघावं. रिलेवाले स्वस्त स्टॅबिलायझरही असेच. टक् असा आवाज करून तो पायरी बदलतो आणि त्या टकच्या क्षणी वीज तुटते.

ज्या बॉक्सला बाहेरून १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, त्याचं निदान फार सोपं आहे आणि तरीही ते क्वचित केलं जातं. अडॅप्टर नुसता मोजला तर १२ व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. तो बॉक्सला जोडलेला असताना, म्हणजे भाराखाली, मोजायला हवा. तेव्हा १० किंवा ९ पर्यंत घसरत असेल तर रोग सापडला. शेजाऱ्याचा अडॅप्टर लावून बघणं त्याहून सोपं. अट एवढीच की व्होल्ट तेवढेच हवेत, पिनचं धन-ऋण तेच हवं, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. एक अँपिअरच्या जागी दोन अँपिअरचा लावला तर बॉक्स जळेल अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. बॉक्स त्याला हवा तेवढाच प्रवाह ओढतो. उलट धोका वायफाय राउटरचा ९ व्होल्टचा किंवा कुठल्याशा यंत्राचा २४ व्होल्टचा अडॅप्टर पिन बसते म्हणून लावण्यात आहे.

पुरवठा बॉक्सच्या आतच असेल तर झाकण उघडण्याआधी थांबा. प्लग काढल्यावरही मुख्य कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ शिल्लक राहू शकतात, आणि ते माणसाला फेकून द्यायला पुरेसे आहेत. हे काम ज्याला येतं त्याच्याकडेच द्यावं. आपण फक्त त्याला सांगावं की आउटपुटचे कपॅसिटर बघ, डोकं फुगलंय का, बुडाशी तपकिरी डाग आहे का. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. २००० च्या आसपासच्या काही वर्षांत जगभरातल्या संगणकांच्या मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर असेच फुगून फुटत होते आणि बड्या कंपन्यांनाही माल बदलून द्यावा लागला. आपल्या बॉक्समधला भाग काही रुपयांचा असतो. बदलताना ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचा मागावा. फरक किरकोळ पैशांचा, आयुष्यातला फरक मोठा.

विजेच्या बाबतीत एक प्रकार मात्र दुरुस्तीचा नाही, पळण्याचा आहे. डीपीवरून गावात तीन फेज वाटलेल्या असतात आणि न्यूट्रल सगळ्यांचा एक. ती न्यूट्रल तार तुटली किंवा सैल झाली की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी जोडली जातात. एका घरात दिवे मलूल होतात तर दुसऱ्यात लखलखीत पेटतात, आणि २३० च्या जागी चारशेच्या घरात व्होल्टेज जाऊ शकतं. दिवा अचानक नेहमीपेक्षा जास्त प्रखर दिसला तर बॉक्सचा विचार नंतर. आधी मेन स्विच पाडावा आणि लाईनमनला फोन करावा.

आता केबल. बॉक्सच्या मागे स्क्रूसारखी फिरवून बसवायची जी पिन असते, तिच्यातून दुहेरी वाहतूक चालते. वरून खाली सिग्नल येतो आणि खालून वर वीज जाते. एलएनबीला चालण्यासाठी लागणारी वीज बॉक्सच पुरवतो: उभ्या ध्रुवीकरणाच्या चॅनलांना १३ व्होल्ट, आडव्याच्या चॅनलांना १८. ही वीज केबलच्या मधल्या तांब्याच्या तारेतून जाते आणि बाहेरच्या जाळीतून परत येते. जाळीचा एक केसाएवढा तुकडा पिनमध्ये मधल्या तारेला टेकला की शॉर्ट. चांगला बॉक्स अशा वेळी पडद्यावर एलएनबी शॉर्ट झाल्याचं सांगतो आणि वीज तोडतो. स्वस्त बॉक्सचा सगळा पुरवठाच खाली बसतो आणि तो रीस्टार्ट होतो. मग पुन्हा ट्यूनर सुरू करायच्या पायरीवर येतो आणि पुन्हा बसतो.

म्हणून सगळ्या तपासण्यांत मी केबलच्या तपासणीला पहिला नंबर देतो, कारण ती फुकट आहे. बॉक्स बंद करा, प्लग काढा, मागची केबल पूर्ण सोडवा, आणि मग बॉक्स चालू करा. सिग्नल नसल्याची पाटी दाखवत तो तासभर न पडता चालला, तर बॉक्स आणि वीज दोन्ही बहुतेक सुटले; गुन्हेगार वरच्या बाजूला आहे. केबलशिवायही पडला, तर पत्र्यावर चढायचं कारणच संपलं. केबल काढ-घाल करताना बॉक्स बंद असावा. चालू बॉक्सवर पिन फिरवताना क्षणभर शॉर्ट होतोच, आणि अनेक बॉक्स केवळ तेवढ्याने जातात.

पावसाळ्यात या प्रकाराला एक खास वेळापत्रक असतं. पाऊस चालू असताना चित्र जातं ते लहरींमुळे, हे वर आलंच. पण पाऊस थांबल्यावर, ऊन पडल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बॉक्स पडायला लागला तर केबलमध्ये पाणी शिरलंय. एलएनबीला लावलेली पिन वर तोंड करून असेल किंवा केबल मधेच तोडून नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळली असेल, तर पाणी जाळीतून उतरत खाली येतं, तांबं हिरवं पडतं, आणि गळती सुरू होते. पिनला रबरी टोपी घालावी आणि केबलला एलएनबीखाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून जातं. जोडाची केबल फेकून अखंड टाकावी. उन्हाळ्यात पत्र्याला टेकलेली केबल तापून भेगाळते, म्हणून ती दर चार-पाच वर्षांनी बदलणं महागात पडत नाही.

दोन भावांची घरं शेजारी-शेजारी आणि छत्री एकच, ही आपल्याकडची नेहमीची व्यवस्था. त्यासाठी बाजारातला सर्वांत स्वस्त स्प्लिटर लावलेला असतो. दोन्ही बॉक्स एकाच एलएनबीला वीज द्यायला जातात. एक १३ मागतो, दुसरा १८, आणि साध्या स्प्लिटरमधून एकाची वीज दुसऱ्याच्या पोटात जाऊ शकते. थोरल्याने चॅनल बदललं की धाकट्याचा बॉक्स पडतो आणि भांडण भलत्याच कारणावर जातं. यावर औषध एकच, दोन स्वतंत्र आउटपुटचा एलएनबी. त्याला ट्विन म्हणतात आणि तो महाग नाही.

उष्णतेबद्दल मराठवाड्यात वेगळं काय सांगावं! मे महिन्यात नांदेडला पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. त्यात बॉक्स शोकेसच्या बंद कप्प्यात, वर विणलेला रुमाल, आणि रुमालावर गणपती. आतल्या प्रोसेसरला श्वास घ्यायला जागाच नसते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल तंत्रज्ञांचा एक ढोबळ हिशेब आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणजे उन्हाळ्यात दिसणारा रीस्टार्ट आणि वर सांगितलेला वाळलेला कपॅसिटर हे एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. तपासणी साधी. बॉक्स कप्प्यातून बाहेर काढा, रुमाल काढा, चार कोपऱ्यांखाली बाटलीची झाकणं ठेवून तो उचला, पंख्याखाली ठेवा. अर्ध्या तासाने पडणारा बॉक्स आता दोन तास टिकला तर उत्तर मिळालं. झाकणाच्या फटींतून धूळ, मुंग्या आणि कधीकधी पालही आत जाते. पालीने बोर्डावर प्राण सोडला असेल तर वास आधी येतो.

उरतो तो प्रोग्रॅम. हल्लीचे बॉक्स स्वतःचा नवा प्रोग्रॅम उपग्रहावरूनच उतरवून घेतात, आणि बहुधा रात्री, बॉक्स रिमोटने झोपवलेला असताना. आपल्या घरांत मात्र झोपताना बोर्डावरचं बटण बंद करायची शिस्त आहे. ती चांगलीच आहे, पण तिच्यामुळे अद्ययावतीकरण साचत जातं आणि मग सकाळी बॉक्स चालू करताच सुरू होतं. पडद्यावर टक्केवारीची पट्टी सरकत असते, मुलाला कार्यक्रम बघायची घाई असते, कुणीतरी "अडकला वाटतं" म्हणून बटण बंद करतं, किंवा लाईटच जाते. अर्धा लिहिलेला प्रोग्रॅम घेऊन उठलेला बॉक्स मग कंपनीच्या चिन्हापुढे जातच नाही. काही बॉक्समध्ये मूळ प्रोग्रॅमची एक प्रत जपलेली असते आणि समोरचं बटण दाबून धरत प्लग लावला की ती परत येते. काहींत पेनड्राइव्हवरून भरावी लागते. कोणतं बटण, किती वेळ, हे प्रत्येक बॉक्सचं वेगळं. पुस्तिका नसेल तर ग्राहक सेवेला बॉक्सच्या बुडाशी छापलेला मॉडेल क्रमांक सांगून विचारावं. दुसऱ्या मॉडेलचा प्रोग्रॅम भरला तर बॉक्स कायमचा जातो.

पेनड्राइव्हवरून आठवलं. बॉक्सला मागे जोडून ठेवलेला पेनड्राइव्ह आणि त्यातली सिनेमांची गर्दी हेही पडण्याचं कारण असू शकतं. खराब पेनड्राइव्ह वाचताना प्रोग्रॅम अडकतो, आणि यूएसबीच्या पिनला जोडलेली मोठी हार्ड डिस्क तर बॉक्सच्या तुटपुंज्या पुरवठ्यातली वीजच ओढून घेते. तपासताना केबलसोबत हेही काढून ठेवावं.

फ्री डिशवाल्यांना आणखी एक हंगाम सांभाळावा लागतो. प्रसार भारती चॅनलांच्या जागांचा लिलाव करते, आणि दरवर्षी १ एप्रिलच्या सुमारास काही चॅनल जातात, काही येतात. जुन्या यादीवर नवी यादी चढवत गेलेला बॉक्स कधीकधी एखाद्या मेलेल्या चॅनलवर गेला की गोंधळतो. अशा वेळी मेनूतून फॅक्टरी रिसेट करून सगळी चॅनल नव्याने शोधावीत. पासवर्ड मागितला तर बऱ्याच बॉक्सचा ०००० असतो. आवडत्या चॅनलांची यादी जाईल, पण ती अर्ध्या तासात पुन्हा होते. हा उपाय मात्र शेवटी करावा. बहुतेक लोक तो पहिला करतात, आणि खऱ्या कारणाच्या खुणाही त्यासोबत पुसून टाकतात. तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हाही त्यातलाच भाग. अडॅप्टर, केबल आणि रिसेट तिन्ही एकदम केले आणि बॉक्स चालला, तर तीन महिन्यांनी पुन्हा पडल्यावर हातात काहीच नसतं.

हा सगळा खटाटोप एका करमणुकीच्या डब्यासाठी का, असं कुणी विचारेल. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं तेव्हा शाळा बंद होत्या आणि पहिली ते आठवीच्या मुलांचे धडे या डब्यातून येत होते. ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तो बापाच्या खिशात शेतावर जात होता, तिथे छत्री आणि बॉक्स हीच शाळा होती. त्याआधी पंचेचाळीस वर्षं, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात, अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग इस्रोने केला होता. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण लातूरच्या दक्षिणेचा, कर्नाटकातला गुलबर्गा त्या प्रयोगात होता. कोंबड्यांच्या जाळीसारख्या तारेची तीन मीटर व्यासाची छत्री गावात उभी राहायची आणि संध्याकाळी सगळं गाव एका संचासमोर जमायचं.

सगळं करून बघितलं आणि तरी बॉक्स पडतोच, तर फ्लॅश मेमरी किंवा मुख्य बोर्ड गेला असं समजावं. आकाशातली वीज जवळ कोसळल्यानंतर सुरू झालेला बिघाड बहुधा याच जातीचा असतो. मे-जूनच्या वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की प्लगबरोबर मागची केबलही काढून ठेवावी, कारण लाट तारेतून येते तशी छत्रीकडूनही येते. बोर्ड दुरुस्त करण्यापेक्षा नवा बॉक्स परवडतो. तो घेताना एमपीईजी-४ वाचणारा घ्यावा, कारण फ्री डिशवरची काही चॅनल जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर दिसतच नाहीत. आणि जुन्याचा अडॅप्टर भाराखाली १२ व्होल्ट धरत असेल तर तो भंगारात देऊ नये; त्यावर व्होल्ट आणि अँपिअर ठळक लिहून फळीवर ठेवावा, गल्लीतल्या पुढच्या बॉक्सची तपासणी त्यानेच होते.